सोमवारी मरणारी गाडी

१

"काका, तुमची गाडी मरते कशी हो? ओरडत मरते, का गपचीप मरते?"

पूर्णिमाच्या तोंडून प्रश्न निघाला आणि रायपूरच्या समता कॉलनीतल्या त्या अंगणातले सगळे तिच्याकडे वळले. फाटकाबाहेर सायकलींवर एक पाय टेकून उभ्या असलेल्या राधिका आणि मीनल या तिच्या मैत्रिणींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. पैज त्यांचीच होती. यशवंतरावांना, तेही सोमवारी सकाळी, तेही गाडी बंद पडलेली असताना, हा प्रश्न विचारून दाखवायचा. विचारला तर पंडरीच्या ठेल्यावर पोटभर गुपचूप, म्हणजे पाणीपुरी. नाही विचारला तर पूर्णिमा भित्री ती भित्रीच.

मागच्या वर्षापर्यंत ती खरंच भित्री होती. हजेरीला 'यस सर' म्हणतानाही तिचा आवाज बाकाखाली लपायचा. पण यंदा शाळेच्या वादविवादात तिनं बारावीच्या पोट्ट्यांना भर सभागृहात गप्प केलं, आणि तेव्हापासून तो आवाज काही केल्या बाकाखाली जायला तयार नव्हता.

यशवंतराव म्हणजे घरमालक. खाली ते राहायचे आणि वरच्या मजल्यावर भाड्यानं रामटेके: रेल्वेतले धर्मपाल, त्यांची बायको सरिता आणि ही दहावीतली पूर्णिमा. यशवंतरावांनी उभी नोकरी रायपूरच्या फायली बगलेत मारून भोपाळच्या चकरा करण्यात घालवली होती. छत्तीसगढचं नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा त्यांनी याच अंगणात पेढे वाटत जाहीर केलं होतं, "आयुष्यभर मी राजधानीकडे गेलो. आता राजधानी माझ्या दारात आली!" गाडीला 'सी.जी.' अशी नंबराची नवी पाटी लागली, तेव्हा तर त्यांनी पुतण्याकडून तिच्यावर दोन दणदणीत दिवे बसवून घेतले. मागून येणाऱ्याला पाटी दिसली पाहिजे, आणि पाटी पाहून त्याची मान ताठ झाली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या जुन्या पांढऱ्या गाडीला कॉलनीतली पोरं 'राणीसाहेब' म्हणायची. आणि पाटी आल्यापासून राणीसाहेब दर सोमवारी सकाळी उठायला नकार देत होत्या.

आता काका कडाडणार म्हणून पूर्णिमानं खांदे आवळले. पण यशवंतराव थबकले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणीच केला नव्हता.

"कशी मरते म्हणजे?"

"म्हणजे आवाज कसा येतो?"

आणि भर अंगणात त्या भारदस्त माणसानं गाल फुगवून आवाज काढून दाखवला. "कुर्रर्र… कुर्र… कु… टक!"

मीनल फिस्सकन हसली. यशवंतराव भानावर आले, आणि त्यांचा राग गाडीशेजारी उभ्या ड्रायव्हरवर, भैय्यालालवर कोसळला.

"रविवारी याची सुट्टी. मी स्वतः गाडी चालवतो, मी स्वतः शेडमध्ये आणून लावतो. ठणठणीत! सोमवारी हा येते, अन् गाडी मेलेली. शेडची दुसरी किल्ली कोणापाशी आहे? याच्यापाशी! चांगली बॅटरी काढते अन् रद्दी टाकून ठेवते. ऐकून घे भैय्यालाल, पुढच्या सोमवारी गाडी नाही उठली, तर किल्ल्या टेबलावर ठेवायच्या अन् घरी जायचं. या कॉलनीत मग तुले कोण गाडी देते, तेही पाहतो मी."

"हव मालिक," भैय्यालाल एवढंच म्हणाला. आणि खांद्यावरच्या गमछ्यानं त्यानं बॉनेटवरचा कावळ्याचा डाग पुसला. ज्या गाडीवरून त्याला चोर ठरवलं होतं, तिचाच डाग.

पावसाळ्यात वह्या भिजू नयेत म्हणून हाच माणूस पूर्णिमाला या गाडीतून शाळेच्या दारापर्यंत सोडायचा. तो चोर? पूर्णिमा पैज जिंकली होती, पण संध्याकाळी ठेल्यावर पहिलंच गुपचूप तिनं पुन्हा द्रोणात ठेवलं.

"काय झालं वं?" राधिकानं विचारलं.

"मले माहीत पाहिजे," पूर्णिमा म्हणाली, "राणीसाहेबांचा खून कोण करून राहिलं."

२

बुढापारा मोहल्ल्यात, तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत इंद्रजीतचं बॅटरीचं दुकान होतं. आई मराठी, वडील छत्तीसगढिया, त्यामुळे त्याच्या बोलण्यात दोन्हींची खिचडी. गाडीची बॅटरी दर सोमवारी चार्ज करून देणारा तोच. म्हणजे संशयितांत तोही आला. मेलेल्या बॅटरीवर पोट कोणाचं भरतं?

पूर्णिमानं शाळेच्या गणवेशातच काउंटरवर कोपरं टेकली आणि घरमालकाची नक्कल केली. "कुर्रर्र… कुर्र… कु… टक. इंद्रजीत भैया, ही कशानं मेली?"

इंद्रजीतनं हातातला पाना खाली ठेवला. "अरे वा. हे विचारायले पहिल्यांदा कोणी आलं. बाकी सगळे म्हणतात, गाडी बंद आहे, बस." तो स्टुलावर सरसावून बसला. "ऐक. इंजिन जोरात फिरलं, खोकलं, पण पेटलं नाही, तर गडबड इग्निशनची, नाहीतर पेट्रोलची. बॅटरी बिचारी निर्दोष. हेडलाइट लख्ख आहेत अन् नुसतं टक करून गप, तर स्टार्टर पाहा, नाहीतर तार ढिली असेल. पण कुर्र कुर्र करत दम सोडला, दिवे पिवळे पडले… वो भूख से मरी है. बॅटरी उपाशी."

"म्हणजे बॅटरीच रद्दी?"

"हेच तर!" इंद्रजीतनं मांडीवर थाप मारली. "मीही हेच म्हटलं. मग माझ्या दुकानात चार्ज करून बल्ब लावून पाहिली. एकदम ठणठणीत. अन् बदललेली म्हणशील, तर माझी लाल पेंटची खूण आहे तिच्यावर. तीच बॅटरी जाते, तीच येते."

पूर्णिमाच्या मनातली एक गाठ सुटली. बॅटरी बदललीच जात नव्हती, म्हणजे यशवंतरावांचा आरोप तिथंच ढासळला. पण त्यानं भैय्यालाल वाचत नव्हता. गाडी तर मरतच होती.

"मग गाडीत कोणी तरी करंट पिऊन राहिलं."

"ते पण तपासलं. सोमवारी बॅटरी नेतो, चार्ज करतो, संध्याकाळी लावतो. भैय्यालाल एक चक्कर मारून गाडी शेडमध्ये ठेवते. मंगळवारी जाऊन मी बॅटरीच्या तारेत टेस्ट लॅम्प लावला. गाडी बंद, चावी बाहेर. थेंबभर गळती नाही, तुझी शपथ. अख्खा हप्ता गाडी रोज उठते. पुन्हा सोमवार आला, की मेली."

पूर्णिमा सायकलकडे वळली, पण घंटीवर बोट ठेवून थांबली. तपासणी मंगळवारी. मरण सोमवारी. म्हणजे चोर येऊन गेल्यावर पोलीस त्याला दुसऱ्या दिवशी शोधत होते!

"भैया, करंटचा चोर फक्त रविवारी येते. अन् रविवारी त्या घरात भैय्यालाल नसते."

इंद्रजीतचं हसू मावळलं. "मग कोण असते?"

३

रविवारी घरात असायची ती तीन माणसं: यशवंतराव, विनोदिनी काकू आणि पुतण्या अनिमेष.

अनिमेषला गाठायला वेळ लागला नाही. कॉलेज बुडवून तो व्हरांड्यातच पडलेला असायचा. पूर्णिमानं मराठीत विचारलं की तो हमखास हिंदीत उत्तर द्यायचा.

"आइए, डिटेक्टिव साहिबा."

"गाडी मेली तर सगळ्यात जास्त खुशी कोणाला होईल?"

"मुझे!" त्यानं हात वर केला. "काका ये खटारा बेचें, नई गाड़ी आए, मैं चलाऊँ. पर खून मैंने नहीं किया. मैंने तो उसकी सेवा की है. टेप किसने लगाया? मैंने. चाबी आधी घुमाओ, इंजिन बंद, फिर भी गाना चालू."

"अन् पाटीचे दिवे?"

"उसी टेप के तार पे. वही पास में था. काका बोले, बल्ब बड़े चाहिए, तो इंडिकेटरवाले ठोक दिए." मग तिची नजर पाहून तो उठून बसला. "ओ, वैसे मत देख. चाबी बंद, तो दिये भी बंद. इतना मुझे भी आता है."

ते खरंच होतं. इंद्रजीतनं मंगळवारी तपासलं, तेव्हा चावी बंद होती आणि गळती नव्हती. पूर्णिमाचा एक संशयित हातचा निसटला.

काकू शेडमध्ये झाडू मारत होत्या आणि स्वतःशीच कुरकुरत होत्या. नवऱ्यानं या वयात रविवारी बुढा तलावाच्या गर्दीत गाडी घालावी, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "एकदाची जाऊ दे ही बला," असं त्या गणपतीपुढंही म्हणाल्या होत्या. पूर्णिमानं स्वतः ऐकलं होतं. मग काकू?

"काकू, तुम्ही तर नाही ना गाडीची बॅटरी उतरवत?"

"मी?" काकूंनी झाडू उगारला आणि हसू आवरत खाली केला. "मले तर तिचं तोंड कुठं उघडते तेही माहीत नाही वं माय. हे पाहा, मी कशापायी वैतागली ते पाहा."

त्यांनी सुपलीत गोळा केलेला कचरा पुढं धरला. बारके हिरवे किडे, मेलेले, मूठभर. धान पिकायला आलं की रायपुरात दिव्यादिव्याभोवती घोंघावणारे माहू.

"व्हरांड्यात दिवा असते, तिथं पडले तर समजते. पण इथं काहून? शेडमधला बल्ब तर कधीचा गेला आहे. काकांना म्हणून थकली मी."

"रोज पडतात?"

"छे, सोमवारी. सोमवारी झाडायला आली की इथं, मागच्या भिंतीपाशी, ढीग."

माहू दिव्यावर मरतात. मग दिवा नसलेल्या शेडमध्ये ते मरायला कशाला येत होते?

४

शनिवारी दुपारी भैय्यालाल पायरीवर बसून गाडीच्या चाव्या चिंचेनं घासत होता. पितळेचा छल्ला सोन्यासारखा झळकत होता.

"हे काय भैय्यालाल काका?"

"लौटाना है न बेटी. मैली चाबी नहीं लौटाऊँगा. कोई ये न कहे कि भैय्यालाल ने कुछ भी मैला लौटाया."

पूर्णिमाला त्याची समजूत घालायची होती, पण नुसत्या समजुतीनं काही होणार नव्हतं. म्हणून तिनं कामाचा प्रश्न विचारला. वादविवादात ती हेच शिकली होती. "सोमवारी गाडीत बसता तेव्हा काही वेगळं वाटतं?"

त्यानं विचार केला. "बूढ़ी है वो भी. ताला घिस गया है. सोमवार को तो चाबी भी तिरछी घुसती है."

"तिरपी? अन् बाकीचे दिवस?"

"बाकी दिन सीधी." त्यानं बोटांनी करून दाखवलं, आधी आडवी, मग उभी. "काबर… क्यों, भगवान जाने."

पूर्णिमा उठली. मग बसली. मग पुन्हा उठली. डोक्यात सगळं एकाच वेळी वाजायला लागलं होतं: अर्ध्या चावीवरचं गाणं, मागच्या भिंतीपाशी मेलेले माहू, मंगळवारची कोरडी तपासणी. आणि ही तिरपी चावी! एका उडीत दोन पायऱ्या घेत ती वर धावली आणि स्वयंपाकघरात आईबाबांना सगळं सांगून मोकळी झाली.

सरिताच्या हातातली पोळी तव्यावर करपली. "म्हणजे दोष घरमालकाचा? अन् ते तू त्यांच्या तोंडावर सांगणार? आपण भाड्यानं राहून राहिलो वं पोट्टे! उद्या सामान रस्त्यावर ठेवलं तर?"

"न सांगितलं तर भैय्यालाल काका रस्त्यावर येतील."

आईनं बाबांकडे पाहिलं. धर्मपालांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बोलायला मनाई नाही," ते म्हणाले. "पण बाबासाहेबांच्या लेकीनं बोलावं तर पुराव्यानं. हवेत नाही. पुरावा आहे?"

"उद्या संध्याकाळी काका स्वतःच आणून देतील," पूर्णिमा म्हणाली.

५

रविवारी दिवेलागणीला यशवंतराव तलावावरून परतले. गाडी मागं घेत घेत त्यांनी नेहमीप्रमाणं ती शेडमध्ये लावली, तोंड बाहेर, पाठ भिंतीला. शिस्त म्हणजे शिस्त. इंजिन बंद केलं, चावी काढली, बाहेर आले, आणि पाहतात तर अंगणात सगळी बारात: पूर्णिमा, तिचे आईबाप, काकू, अनिमेष, दुकान बंद करून आलेला इंद्रजीत, आणि सुट्टी असूनही बोलावलेला भैय्यालाल. फाटकाबाहेर दोन सायकलीही होत्याच.

"हे काय? सभा आहे का?"

"काका, गाडी बंद केली?"

"दिसत नाही का?"

"अन् चावी?"

यशवंतरावांनी ती खिशातून काढून सगळ्यांसमोर नाचवली. "ही काय!"

"म्हणजे गाडीत आता काहीच चालू नाही. नक्की?"

"पोरी, तू जन्मली नव्हती तेव्हापासून मी गाडी चालवून राहिलो!"

"मग एक मिनिट मागं या ना काका. माझ्यासाठी."

भिंत आणि गाडी यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढीच फट होती. यशवंतराव पोट आत ओढून तिच्यात शिरले, आणि तिथंच थिजले. भिंतीचा गाडीआडचा भाग पिवळा उजळला होता. खाली, दोन दणदणीत दिव्यांच्या झगझगाटात, त्यांची लाडकी पाटी तळपत होती, आणि पहिले दोनचार माहू आत्ताच तिच्यावर टपटप आपटायला लागले होते.

त्यांनी हातातल्या चावीकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"चावी माझ्या हातात आहे," शेवटी ते पुटपुटले. "मग हे… हे कसं?"

पूर्णिमा दोन पावलं पुढं आली. "काका, तुमच्या गाडीचं कुलूप झिजलं. चावी पूर्ण बंदपर्यंत जायच्या आधीच, अर्ध्यावर, बाहेर निघते. अर्ध्यावर टेप चालू राहते, अन् त्याच तारेवर तुमच्या पाटीचे दिवे आहेत. टेप तुम्ही बंद करता, म्हणून गाणं ऐकू येत नाही. दिवे भिंतीकडं तोंड करून असतात, म्हणून दिसत नाहीत. रात्रभर ते बॅटरी पितात. सकाळपर्यंत बॅटरी मरायला टेकते अन् दिवे इतके मंद होतात, की उजेडात दिसत नाहीत. चोर चोरी करून स्वतःच मरते, मागं उरतात फक्त काकूंचे किडे."

"अन् मंगळवारी मला गळती दिसली नाही," इंद्रजीत कपाळावर हात मारत म्हणाला, "कारण सोमवारी गाडी भैय्यालालनं लावलेली असते!"

"भैय्यालाल काका, दाखवा ना."

भैय्यालाल आत बसला. तिरपी चावी आत सरकवली, तळहातानं हलकेच दाबली, पार शेवटपर्यंत फिरवली. टक. मागची भिंत काळोखी झाली. त्यानं चावी उभी बाहेर काढली.

"दबाके घुमाना पड़ता है मालिक. हाथ को आदत है, मुझे कभी अलग से सोचना नहीं पड़ा."

यशवंतराव फटीतून बाहेर आले. शर्टाला भिंतीचा चुना लागला होता, मिशीवर एक माहू बसला होता, आणि तो झटकायची कोणाची छाती होत नव्हती. सरितानं पूर्णिमाचं मनगट धरून ठेवलं.

"मले सांगितलं काहून नाही?" त्यांनी भैय्यालालला विचारलं.

भैय्यालाल पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलला. "आपने पूछा कहाँ, मालिक. आपने तो चाबी माँगी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. यशवंतरावांनी मिशीवरचा माहू स्वतःच झटकला. मग त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. माणूस गर्विष्ठ होता, पण गर्व खरा होता, खोट्यावर उभा राहणारा नव्हता.

"ऐका सगळे," त्यांनी पेढे वाटले होते त्याच आवाजात जाहीर केलं. "भैय्यालालवर मी खोटा आळ घेतला. याच अंगणात, सगळ्यांसमोर. म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो: चूक माझी. माफ कर भैय्यालाल. इंद्रजीत, उद्या नवं कुलूप टाक. दिवे काढायचे नाहीत, तार तेवढी पार्किंगच्या दिव्यांवर घे. अन् अनिमेष, हसू नको, तार तू जोडली होती." मग ते भैय्यालालकडे वळले. "चाव्या खिशात ठेव. घासल्या चांगल्या. आता मले तलावापर्यंत एक चक्कर मारून आण. अन् ही पोट्टी पुढच्या सीटवर बसेल. मी मागं."

राणीसाहेब एका हाकेत उठल्या. फाटकातून बाहेर पडताना पाटी सोन्यासारखी झळकली, आणि तिच्यामागून दोन सायकली किंचाळत सुटल्या, "पूर्णिमाऽऽ! गुपचूप आमच्याकडून! डबलऽऽ!"

६

परत आली तेव्हा आईनं ताट वाढून ठेवलं होतं. सामान जिथल्या तिथं होतं. उलट खालून काकूंनी वाटीभर अनारसे पाठवले होते.

"चल, झाली तुझी जासूसी," सरिता म्हणाली, पण तिच्या डोळ्यांतलं कौतुक लपत नव्हतं. "आता अभ्यास. अकरावीला बायो घ्यायचं, डॉक्टरीण व्हायचं. डोकं आहे तुले."

पूर्णिमानं अनारसा खाली ठेवला. हात पुसले. ती उठून उभी राहिली, सभागृहात राहिली होती तशी, पाठ ताठ.

"आई, बाबा. मी बायो नाही घेणार. मी गणित घेणार अन् इंजिनीअर होणार, बॅटरी, मोटार, करंट, त्यातली. अन् दिवाळीच्या सुट्टीत गावी, भंडाऱ्याला, चार दिवस कमी राहणार. रोज सकाळी इंद्रजीत भैयाच्या दुकानात जाणार, गाड्यांचे आवाज ऐकायला. त्यांनी हव म्हटलं आहे."

आईनं अनारशांची वाटी बाजूला सारली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे तू आम्हाला विचारून राहिली का बेटा?" त्यांनी हळूच विचारलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"नाही बाबा," पूर्णिमा म्हणाली. "विचारायचं होतं ते मी सोमवारी विचारलं. आता सांगून राहिली."